लोकरीचा पीळ

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि मफलरचा तुकडा काल मिळाला. टाके मोजून घातले, एकही सुटला नाही, तरी वीण एका अंगाला झुकली, असे तू लिहितेस. तुकडा टेबलावर पसरून पाहिला आणि खात्री पटली की दोष तुझ्या हातांचा नाही, लोकरीतल्या पिळाचा आहे.

सुटलेल्या टोकाचा वीतभर धागा मी दुमडून सैल सोडला, तर तो गरगर फिरून स्वतःभोवतीच घट्ट वेटाळला गेला. हाच कोंडलेला पीळ सुटण्यासाठी वाट शोधतो आणि पुढून सुलट, मागून उलट अशा विणीत प्रत्येक टाक्याला एकाच बाजूला ढकलत जातो. आपण दोघी शाळेत टकळीवर कापूस कातायला शिकलो. कापसाचे तंतू आखूड, त्यांना भरपूर पीळ दिला नाही तर सूत तुटते. लोकरीचे तंतू लांब, त्यांना त्या मानाने पुष्कळ कमी पीळ पुरतो. त्यात तू कातलेस पेटीचरख्यावर. गांधीजींनी १९३० च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात त्याची घडण सुधारली, म्हणून त्याला येरवडा चरखा म्हणतात. पण त्याचे वेगाने फिरणारे बारीक चाते कापसासाठीच आहे. लोकरीला टकळी बरी.

बाबांसाठी मी अशाच एकपदरी लोकरीचा स्वेटर विणला होता. धुतल्यावर त्याची बगलेतली शिवण पोटावर आली. त्यांनी तो दोन हिवाळे तसाच घातला, आणि ते आठवले की आजही माझा जीव कासावीस होतो.

उरलेल्या लोकरीचे दोन पदर एकत्र घे आणि कातताना चाते ज्या दिशेने फिरवलेस त्याच्या उलट दिशेने पीळ दे, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतील. मग लडी कोमट पाण्यात अर्धा तास बुडव, चोळू मात्र नकोस, चोळलेली लोकर आटते; आणि सावलीत टांगून वाळव. जाडीत फरक राहीलच, त्यासाठी दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी धागा बदलत जा. नमुना विणशील तो धुऊन, वाळवूनच मोज.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ही दख्खनी मेंढीची लोकर भरड आहे, धनगरांनी ती घोंगडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली आणि तिथे तिला तोड नाही, परंतु गळ्याला ती टोचणारच. मफलर सोडून दे आणि सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या घालून बसायचे आसन वीण. त्या विणीत तिरकेपणा जवळजवळ दिसत नाही, आणि तो काळा रंग तसाच ठेव, रंगवू नकोस.

मी कातलेली एक दोनपदरी लडी सोबत पाठवते आहे. ती दुमडून सैल सोडून पाहा, आणि तुझी लडी तिच्याशी जुळली की कळव.

तुझी,
मंगल