इंजिन उचलताना हुकाखाली काय आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली-मिरज रस्त्यालगत मी तीसएक वर्षे गॅरेज चालवले. आता ते मुलगा सांभाळतो. गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका गॅरेजात ट्रकचे इंजिन बाहेर काढताना पाहिले आणि न राहवून हे पत्र लिहीत आहे. तिथली चेनकप्पी नवी कोरी, दोन टनांची होती. पण तिच्या हुकाला इंजिन ज्याने बांधले होते तो बंद पडलेल्या गाड्या ओढण्याचा जुना नायलॉनचा दोर होता, आणि त्याला मध्येच दोन गाठी होत्या. मी बोललो तेव्हा मिस्त्री हसून म्हणाला, "काका, कप्पी दोन टनांची आहे, काही होत नाही."

कप्पी दोन टनांची असली म्हणून दोर दोन टनांचा होत नाही. गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते, आणि इंजिनाच्या ब्लॉकच्या धारदार कडेवर तो घासत असेल तर उरलेलीचाही भरवसा नसतो. आमच्या धंद्यात चेनकप्पी घेताना मालक चार दुकाने फिरतो, पण हुक आणि इंजिन यांच्यामधली जी हातभर जागा असते तिथे गॅरेजात पडलेले काहीही चालवून घेतो. माझ्या पाहण्यातले इंजिन पडण्याचे बहुतेक प्रसंग याच हातभर जागेत घडले आहेत.

त्यांतला एक माझ्याच गॅरेजातला आहे आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती. जीपचे डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट काढत होतो. कंपनीने हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, बसवलेले उचलण्याचे दोन्ही कान आधीच्या कुणीतरी काढून फेकून दिले होते, म्हणून मी साखळीची एक बाजू अल्टरनेटरच्या ब्रॅकेटच्या भोकात आठ मिलिमीटरच्या बोल्टने अडकवली. इंजिन क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीच्या, वर आले आणि त्या बोल्टचे डोके उडाले. इंजिन एका बाजूने लटकले, गिअरबॉक्सचे शेपूट फिरले, आणि बेल हाउसिंग (गिअरबॉक्सचे क्लचवरचे घंटेसारखे तोंड) व केबिनचा पत्रा यांच्या मध्ये हेल्परचा हात सापडला. त्याच्या दोन बोटांची पेरे गेली. रात्री तो तुटलेला बोल्ट दिव्याखाली धरून पाहिला तर तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला होता आणि उरलेला अर्धा चांदीसारखा चकाकत होता. म्हणजे तो आधीच अर्धा तडकलेला होता; आम्ही फक्त शेवटचा झटका दिला.

तेव्हापासून माझ्या गॅरेजात काही गोष्टींत तडजोड होत नाही. उचलण्याचे कान ओव्हरहॉलच्या वेळी काढले तरी ते त्याच इंजिनाला परत बसतात. ते नसतील तर डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा असलेला बोल्ट घ्यायचा आणि तो आपल्या जाडीच्या किमान दीडपट खोल आट्यांत जाईल हे पाहायचे. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर दुप्पट. मॅनिफोल्डला, म्हणजे हवा-धुराच्या नळ्यांच्या जोडाला, साखळी बांधायची नाही, कितीही सोयीचे दिसले तरी. तुटलेल्या साखळीचे दोन तुकडे नट-बोल्टने जोडून वापरणे तर बंदच.

साखळी आखूड घेण्याच्या सवयीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जाणती माणसेही तिथे फसतात. शेड ठेंगणी असते, रेडिएटरच्या पट्टीवरून इंजिन पार व्हायला वीतभर उंची कमी पडते, आणि मग मिस्त्री साखळीच्या दोन कड्या कमी करतो. इंजिन ४०० किलोचे असेल आणि साखळीचे दोन पाय हुकापाशी ६० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक पायावर साधारण २३० किलो ओढ येते. तीच साखळी आखूड करून कोन १२० अंशांवर नेला तर प्रत्येक पायावर पूर्ण ४०० किलो येतात, शिवाय दोन्ही बोल्ट आतल्या बाजूला वाकवले जातात ते वेगळेच. इंजिनाचे वजन तेवढेच असते, म्हणून हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

घडीच्या इंजिन क्रेनचेही असेच आहे. तिच्यावर दोन टन लिहिलेले असते, पण ते क्रेनचा सरकता हात पूर्ण आत असतानाचे. हात शेवटच्या भोकापर्यंत बाहेर ओढला की अनेक क्रेनची क्षमता अर्ध्या टनावर येते. चेनकप्पी टांगायला पत्र्याच्या शेडची कैची (छताचा त्रिकोणी सांगाडा) किंवा दारातल्या लिंबाची फांदी वापरतात. कैची पत्रे पेलण्यासाठी केलेली असते, आणि फांदीबद्दल काय बोलावे. तिवई वापरावी, पण तिचे तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधावेत आणि जमिनीवर सांडलेले तेल आधी पुसावे.

उचलताना इंजिन दोन बोटे वर आले की थांबावे आणि एक फेरी मारून पाहावे. अर्थची पट्टी, डिझेलचा पाइप, फाउंडेशनचा एखादा बोल्ट, यांपैकी काहीतरी हमखास राहिलेले असते, आणि ते तुटेपर्यंत ओढले की इंजिन उसळी मारते. लटकत्या इंजिनाखाली कुणी हात घालू नये. बाहेर आले की ते स्टँडवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे. चहाला जाताना टांगून ठेवू नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ मध्ये उचलण्याची यंत्रे, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी, तिची नोंद आणि त्यावर सुरक्षित भाराचा आकडा ही तरतूद झाली. पण दोन मिस्त्री आणि एक हेल्पर असलेले गॅरेज कामगारांच्या संख्येमुळे कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तिथे तपासायला कुणी येणार नाही. आम्ही खंडेनवमीला चेनकप्पीला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालतो. माझी गॅरेजवाल्या बांधवांना विनंती आहे की हार घालण्याआधी त्याच दिवशी साखळी रॉकेलने धुवावी, प्रत्येक कडी बोटांनी फिरवून पाहावी, हुकाचे तोंड फाकले आहे का आणि त्याची खिटी जागेवर आहे का हे तपासून भिंतीवर खडूने तारीख लिहावी. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक व डिझेल मेकॅनिकच्या निदेशकांनीही मुलांना इंजिन खोलायला शिकवण्याआधी ते बांधायला शिकवावे आणि तुटलेला एखादा बोल्ट वर्गात हातोहात फिरवावा. माझा तो बोल्ट मी अजून जपून ठेवला आहे. कुणा शिक्षकाला हवा असेल तर आनंदाने देईन.

आपला,
एक निवृत्त गॅरेजचालक, सांगली