एका रुपयात आत, पण बाहेर कसे पडायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी थोरली बहीण कराडला एकटी राहते. वय वर्षे ७६. गेल्या श्रावणात तिने जाहिरात पाहून आरत्या, स्तोत्रे आणि रोजचे पंचांग देणारे एक अ‍ॅप फोनवर घेतले. ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ असे त्यावर ठळक लिहिले होते, म्हणून तिने यूपीआयचा पिन टाकून रुपया भरला. आरतीच्या मध्येच जाहिराती वाजू लागल्याने तिसऱ्या दिवशी तिने ते काढूनही टाकले. शिमग्याच्या सुमारास मी तिच्याकडे गेलो आणि पासबुक भरून आणले, तेव्हा दरमहा १९९ रुपये वजा झाल्याच्या सात नोंदी त्यात निघाल्या. नोंदीपुढचे नाव अ‍ॅपचे नव्हते, कुठल्याशा कंपनीची आद्याक्षरे होती. त्यामुळे पैसे कोणाकडे गेले हे उमगायलाच अर्धा तास लागला. एका रुपयाची आरती १,३९४ रुपयांना पडली होती.

ताईने पिन टाकला तो केवळ रुपयासाठी नव्हता, तर पुढे दरमहा खात्यातून रक्कम वळती करण्याच्या परवानगीसाठीही होता. ‘ऑटोपे’ ही सोय २०२० साली आली आणि विजेचे बिल, विम्याचा हप्ता यांसाठी ती चांगलीच आहे, हे मी नाकारत नाही. मात्र एकदा परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला एरवी पुन्हा पिन विचारला जात नाही, आणि अ‍ॅप फोनमधून काढल्याने ती परवानगी रद्द होत नाही, कारण ती अ‍ॅपमध्ये नसते, बँकेच्या आणि यूपीआयच्या यंत्रणेत नोंदलेली असते. “अगं, तू दुकानात जायचं बंद केलंस, पण उधारीची वही तशीच चालू राहिली,” असे सांगितल्यावर ते तिला पटले.

मी स्वतः ३४ वर्षे बँकेत काढली आहेत. ईसीएसच्या, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ते वळते करण्याच्या जुन्या पद्धतीच्या, दिवसांत अशी परवानगी कागदावर असे. खातेदाराची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहिल्याखेरीज आम्ही त्यावर शिक्का मारत नसू, आणि बंद करायची झाल्यास शाखेत अर्ज दिला की काम होई. त्या पद्धतीत त्रास नव्हता असे नाही. सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेल्या अर्जांवरून मी लोकांची पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पण आपण कशावर सही करतो आहोत, हे तरी माणसाला ठाऊक असे. आता ताईच्या फोनवरून ती परवानगी रद्द करायला मला वीस मिनिटे लागली: यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये कोपऱ्यातल्या फोटोवर बोट, मग खाली सरकत जाऊन ऑटोपे, त्यात ती नोंद, शेवटी पुन्हा पिन. मूळ अ‍ॅप पुन्हा घेऊन पाहिले, तेव्हा नकार देण्यासाठी ‘नको, मला शुभफळ नको’ असे बटण असलेली पाटीही भेटली. श्रद्धाळू बाईने त्यावर बोट ठेवायचे कसे?

अशा क्लृप्त्यांविरुद्ध नियम नाहीत, असेही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार दिले आहेत. नकार देणाऱ्याला ओशाळे करणारी बटणे त्यात आहेत, आणि वर्गणी बंद करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे हेही आहे. विनामूल्य वर्गणीसाठी आपोआप कपातीची परवानगी घेण्याची सक्ती करणे, हेसुद्धा त्यात स्पष्टपणे गैर ठरवले आहे. मला शंका येते ती इथेच: फुकट म्हटले तर नियमात सापडू, म्हणून तर हा एक रुपया घेतला जात नसेल? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. ताईला त्या आल्याही होत्या, पण इंग्रजीत, कर्जाच्या आणि लॉटरीच्या संदेशांच्या ढिगात. तिने त्या उघडल्या नाहीत यात तिचा दोष काय?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली. कंपनीने शेवटच्या महिन्याचे १९९ रुपये परत केले आणि उरलेल्यांबाबत ‘आपण अटी मान्य केल्या आहेत’ असे कळवले. घरी परतल्यावर मी माझ्या फोनमधली ऑटोपेची यादी उघडली, तर गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपला दरमहा ४९ रुपयांची परवानगी मीही देऊन बसलो होतो.

माझे मागणे फार नाही. पिन मागण्याआधी, आज घेतल्या जाणाऱ्या रुपयाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत आठव्या दिवसापासूनची रक्कम दाखवणे सक्तीचे करावे. कपातीची आगाऊ सूचना खातेदाराने निवडलेल्या भाषेत यावी आणि त्या सूचनेतूनच परवानगी रद्द करता यावी. पासबुकात अ‍ॅपचे, लोकांना माहीत असलेले नाव छापले जावे. यातले शेवटचे काम तरी बँकांना आणि यूपीआय चालवणाऱ्यांना फारसे जड जाऊ नये, असे बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला वाटते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा