कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरताना

संपादक महोदय,

लोणावळ्याच्या वर्षासहलीत कार्ले लेणी हटकून असते, आणि त्याच पायऱ्यांनी एकवीरा आईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची वर्दळ तर वर्षभर असते. देवीच्या दारात प्रत्येक जण न सांगता चपला काढतो. मात्र तेथून काही पावलांवर असलेल्या चैत्यगृहात, म्हणजे डोंगरात कोरलेल्या बौद्ध उपासनागृहात, तोच माणूस बुटांसह शिरतो, आवाज कसा घुमतो हे पाहण्यासाठी आरोळ्या ठोकतो आणि स्तूपाला टेकून छायाचित्र काढून घेतो. यामागे आकस नसतो, हे मान्य. आत पूजेची मूर्ती नाही, पुजारी नाही, उलट बाहेर तिकीट काढावे लागते. त्यामुळे ही नुसती जुनी वास्तू असावी असा समज होतो.

वास्तविक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले, जवळजवळ ४५ मीटर लांबीचे हे दालन मुळात उपासनेसाठीच घडवले गेले. स्तूप हेच येथील वंदनस्थान असून, खांबांच्या मागची वाट त्याला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालण्यासाठी आहे. छतातील लाकडी कमानी आणि स्तूपावरील लाकडी छत्री इतक्या शतकांनंतरही टिकून आहेत. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी (धनिक व्यापारी) भूतपाल, धेनुकाकट या गावचा गंधी (सुगंधी द्रव्यांचा व्यापारी) सिंहदत्त, तेथीलच सामी नावाचा सुतार आणि कित्येक यवन (त्या काळी ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) यांची नावे येथील शिलालेखांत आहेत. त्यांनी दान दिले वा काम केले म्हणून ती कोरली गेली. नुसते येऊन गेल्याची खूण म्हणून स्वतःचे नाव खरवडणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असावे. (संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.)

बौद्ध उपासक येथे आजही येतात. ते त्रिशरण-पंचशील ही बौद्ध वंदना म्हणत असतील, तर इतरांनी तेवढा वेळ मागे थांबावे, मध्ये येऊ नये आणि परवानगीवाचून त्यांचे चित्रीकरण करू नये. पादत्राणे काढण्याची सक्ती नसली, तरी ती बाहेर ठेवण्यात कोणाचे काहीच जात नाही. तिकीट खिडकीपाशी या साध्या सूचनांचा ठळक मराठी फलक लावावा, आणि शालेय सहली आणणाऱ्या शिक्षकांनी मुलांना वर पोहोचल्यावर दटावण्याऐवजी पायथ्याशीच हे सारे समजावून सांगावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, लोणावळा