नव्या गाडीचा गंज

रत्नागिरी,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय बाळू,

परवा फोनवर तू विचारलंस, "गाडी काय म्हणते?" आणि मी "मस्त" म्हणून विषय बदलला. थाप मारली. मेधा शेजारीच बसली होती आणि घरात तो विषय आता कुणाला नकोय, म्हणून हे पत्र. तू पाडव्याला गाडी घेणार असं काकू म्हणाल्या, तेव्हा नीट वाच.

आमचं सगळं घाईनं झालं. जीएसटी कमी होणार अशी पंधरा ऑगस्टला कुणकुण लागली तेव्हापासून मी हात आखडून बसलो होतो, माझ्यासारखेच सगळे. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि २ ऑक्टोबरला दसरा. शोरूममध्ये मंगल कार्यालयासारखी गर्दी. एका गाडीचा नारळ फुटतोय, तोवर दुसरीच्या चाकाखाली लिंबं. मुहूर्त टळेल म्हणून मेधा घड्याळ बघत होती. कागद पुढे आला, "गाडी सर्व बाजूंनी तपासून ताब्यात घेतली". मी सही केली. तपासलं काय, तर रंग आणि स्टिरिओ.

आठवड्याने ऋचाची पेन्सिल ड्रायव्हर सीटखाली गेली. मोबाईलचा टॉर्च लावून वाकलो, तर सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते त्या दोन्ही पट्ट्या तांबड्या. बोट फिरवलं तर विटकरी भुकटी हाताला आली. मग काय, शर्ट काढून अंगणात आडवा झालो. दाराच्या बिजागरीचे दोन बोल्ट, डिकीत जॅक, आणि स्टेपनी उचलल्यावर तिच्या खळग्यात पाणी साचून वाळल्याचा वर्तुळाकार डाग, कडेकडेने गंज. तळाचं रबरी बूच गायब. नव्या गाडीचा तो वास अजून येत होता रे, त्यानं जास्त डोकं फिरलं.

तू हसशील. ब्रेकच्या डिस्कवरचा गंज मी पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि गप्प बसलो होतो. तुझ्याबरोबर शिरोलीच्या फाउंड्रीत हिंडलोय, डिस्कचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, रात्रभर ओलं राहिलं की सकाळी तांबडं होणारच, चार ब्रेक मारले की साफ. सायलेन्सरच्या जोडावरचंही मी मनावर घेतलं नसतं. पण सीटखाली पाऊस पडत नाही! तिथला गंज म्हणजे गाडी बराच काळ ओलीत उभी होती. आरसीवर पाहिलं, उत्पादनाचा महिना मे. म्हणजे आख्खा पावसाळा कुठल्यातरी यार्डात, उघड्यावर.

पुराची गाडी तर गळ्यात मारली नाही ना, ही शंका रात्रभर झोपू देईना. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या गाड्या आपण पाहिल्यात. सकाळी शिरगावच्या आपल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी काय केलं, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आत चिखलाची रेघ राहते म्हणे. रेघ नव्हती. मग कार्पेटचा कोपरा उचलून वास घेतला, फ्यूजबॉक्स उघडला. "बुडालेली नाही, भिजलेली आहे," असा निकाल दिला आणि पैसे घेतले नाहीत. ताब्यात घेण्याआधी यालाच सोबत नेलं असतं तर!

शोरूमवाल्याचं उत्तर ऐक. "सर, तुम्ही समुद्राजवळ राहता, इथे होणारच." सात दिवसांत? बाबांची स्कूटर भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात वीस वर्षं होती. दर मे महिन्यात ते तिला खालून रेड ऑक्साईड फासायचे. तिनेसुद्धा पहिली दोन वर्षं गंजाशिवाय काढली होती. वर त्या पोराने मला गंजरोधक कोटिंगचं पॅकेज विकायचा प्रयत्न केला, साडेपाच हजार. त्यांच्याच गंजावर, माझ्या पैशानं. तिथे मात्र माझा आवाज चढला. आवाजाचा उपयोग शून्य झाला, हेही सांगतो.

उपयोग झाला तो लेखी तक्रारीचा. फोटो, किलोमीटर रीडिंग (१८६ होतं), मिस्त्रीचं म्हणणं, सगळं कंपनीला मेल केलं. आठ दिवस सामसूम, मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्याच मेलवर कंपनीला कळवलं, की २०१९ च्या कायद्याने मी राहत्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो आणि पाच ते दहा लाखांच्या मालासाठी फी आहे फक्त २०० रुपये. गाडी बदलून द्या म्हणालो. ते नाही म्हणाले, नोंदणी होऊन गेली होती. शेवटी दोन्ही पट्ट्या आणि बोल्ट वॉरंटीत बदलले, खळगा घासून रंगवला, बूच बसवलं. मी मान्य केलं. भांडत राहायला हवं होतं का, अजून ठरत नाही. मेधा म्हणते, आता पुरे.

गाडी चालते उत्तम, त्यात खोट नाही. पण ऋचाचं काही सीटखाली पडलं की अजूनही मी टॉर्च शोधतो.

तर तुझं ऐक. पैसे भरायच्या आधी, नोंदणीच्याही आधी, गाडी यार्डातच दिवसाउजेडी बघायची. मुहूर्त चाव्यांचा ठेव, तपासणीचा नको. तारीख कळव, मी आदल्या संध्याकाळच्या एसटीने आंबा घाटातून येतो. अंगाखाली घ्यायला जुनी चादर मी आणतो, टॉर्चही. काकूंना नमस्कार सांग, आणि त्यांना आत्ताच सांगून ठेव की त्या दिवशी त्यांचा लेक आणि मी नवे कपडे घालणार नाही.

तुझा,
सुध्या