चरख्याला माळ नाही, फोटो मात्र झकास

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गांधी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात आतल्या पानावर एका शाळेतल्या सूतकताईचा फोटो होता. चार मुली खाली सतरंजीवर, पुढ्यात पेटी चरखा, मागे सर आणि पाहुणे, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. मला सवय वाईट, मी भिंग घेऊन बघितलं. चरख्याला माळच नव्हती, म्हणजे चाकावरून चातीला फिरवणारी दोरी. म्हणजे चाक कितीही फिरवा, चाती, म्हणजे सूत जिच्या टोकावर पीळ घेतं ती सळी, जागची हलणार नाही, नुसतं हँडल गरागरा. यात शाळेला नावं ठेवायची नाहीत बरं का, कारण माळ तुटली तर नवीन कुठं मिळते हे कोल्हापुरात विचारायचं कुणाला, आणि त्यावरच लिहितोय, लांबलं तर खुशाल कात्री लावा.

मी उद्यमनगरात ३६ वर्षं लेथवर काढली. आमच्यात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, "एक सूत काढ रे अजून", "अर्धं सूत ठेव" असं दिवसभर चालायचं, खऱ्या सुताशी गाठ पडली ती रिटायर झाल्यावर. तसे वडील शाहू मिलला होते, शाहू महाराजांनी १९०६ ला पाया घातलेली ती मिल, रात्रपाळी करून आले की त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा आणि आई उंबऱ्यातच फडक्यानं झटकायची. पण घरात चरखा कधी नव्हता. तो आला नातीच्या प्रोजेक्टसाठी. प्रोजेक्ट झाला, मार्क मिळाले, चरखा माळ्यावर जायच्या बेतात होता तो मी खाली घेतला.

पहिले पंधरा दिवस सूत तुटण्यातच गेले. हात बसला नाही म्हणून तुटतंय असं वाटायचं. बायकोनं बसून बघितलं, तिचंही तुटायचं, ती म्हणाली "अहो हे टोक बघा की, नाचतंय." मग चाती काढली, काचेवर ठेवून बोटानं गडगडवली तर खालून उजेड दिसायला लागला. जुन्या कारखान्यात जाऊन डायल, म्हणजे वाकडेपणा मोजायचं घड्याळ, लावला, टोकाला २५० मायक्रॉन वाकडी! पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल पण सूत त्या टोकावरूनच सुटतं ना, दर फेऱ्याला त्याला एक हिसका बसतो, आणि नुकताच पीळ घेणारा कच्चा धागा असले हिसके किती सोसणार. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला तर उत्तर आलं की सुटी चाती मिळत नाही, नवीन चरखाच घ्या. तीन मिलिमीटरच्या सळीसाठी अख्खा चरखा! मी म्हटलं ठीक आहे साहेब, आणि सिल्व्हर स्टीलची ग्राइंड केलेली सळी आणून चाती स्वतःच केली, टोक पॉलिश केलं, ३० मायक्रॉनच्या आत आणली. त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा सलग वीस-पंचवीस वार सूत न तुटता निघालं. हाताला काही नवीन शिकवलं नव्हतं, हात तोच.

मग खाजच सुटली. नातीच्या नेलपॉलिशचा ठिपका चातीच्या चकतीवर, जिच्यावर माळ बसते तिच्यावर, लावला आणि हँडल अगदी हळू फिरवत मोजलं, एका फेऱ्यात चातीचे साधारण ८० फेरे. आता वीस नंबरचं सूत घ्या, वीस नंबर म्हणजे ८४० वारांच्या वीस लडी भरतात एका पौंडात. त्याला इंचाला अठराएक पीळ पाहिजे. एका ओढीत मी दोन फूट काढतो, म्हणजे २४ इंच, म्हणजे ४३० च्या आसपास फेरे, भागिले ८०, हिशोबानं साडेपाच वेळा हँडल फिरवलं की झालं. प्रत्यक्षात तेवढा पीळ बसायला सात-सव्वासात लागतात. म्हणजे जवळजवळ पाव कष्ट माळेच्या घसरण्यात जातात! शिवाय माळेची गाठ. दर वेळी ती चकतीवरून जाताना टक् असा आवाज येतो आणि बरोबर तेव्हाच सूत तुटतं, चार दिवस कान लावून बसलो तेव्हा कळलं. गाठ सोडून दोन्ही टोकं उसवून एकमेकांत वळली आणि वरून बारीक दोऱ्यानं बांधली, टक् बंद. घसरण्यावर थोडी राळ लावली. पण सुती माळेचं आपल्याकडच्या पावसात काही खरं नाही, जुलैत ओल धरली की आखडते आणि चाक जड लागतं, उघडीप पडली की परत ढिली. शेवटी मशिनांना वापरतात तो गोल पीयू बेल्ट आणला, तापवून जोडता येतो, गाठ नको काही नको, आणि ताण द्यायला लाकडी खुंटी होती तिथं एक स्प्रिंग घातली. गेला अख्खा पावसाळा त्यावर गेला.

इथपर्यंत सगळं बरोबर जमत गेलं म्हणून माज आला. चातीला चामड्याचे आधार असतात, तेल पाजत बसावं लागतं, ते काढून बॉल बेअरिंग टाकलं, ६२३ नंबर, तीन मिलिमीटरचं भोक, दहाचा बाहेरचा व्यास. चाकालाही बेअरिंग, कडेला वजन वाढवायला पितळेची पट्टी. काय फिरायला लागलं राव, नाद खुळा, एक टिचकी मारली की फिरतच राहतंय. पोरं बघायला यायची. आणि सूत? सुताचा सत्यानाश. कातताना हँडल सारखं थांबवायचं असतं, थोडं उलटं फिरवून टोकावरचे वेढे सोडवायचे, मग सूत चातीवर गुंडाळायचं, परत ओढ. माझं चाक थांबायला तयारच नाही, हात थांबला तरी ते आपलं फिरतंय, पीळ जास्त होऊन सूत स्वतःभोवतीच गुंडाळतंय, त्याच्या डुकराच्या शेपटीसारख्या वेटोळ्या. ३६ वर्षांचा टर्नर आणि हे काम!

त्याच सुमारास पट्टणकोडोलीला पाहुण्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या शेजारी एक म्हाताऱ्या मावशी घोंगड्यासाठी लोकर कातत होत्या, दाराशी बसून, चाकाला सायकलची रिम, जाडजूड चाती, सगळं ओबडधोबड. मी मोठ्या हुशारीनं माझ्या बेअरिंगचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात न थांबवता म्हणाल्या, "बाबा तू चाकाकडं लई बगतुयास. डाव्या हाताकडं बग." नंतर त्यांनी मला बसवलं आणि लोकरीचं टोक हातात दिलं. लोकरीला पीळ कमी लागतो, सूत जाड, चाक सावकाश चालतं, सगळी करामत डाव्या हाताच्या चिमटीत, किती सोडायचं आणि कुठं दाबायचं. जावळाची लोकर, म्हणजे कोकराची पहिली कातरलेली, ती त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली होती, ती मला हात लावू दिली नाही, बरोबरच आहे म्हणा. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल तर पितळेची पट्टी काढून टाकली आणि चाकाचं बेअरिंगही. चातीची बेअरिंग तेवढी ठेवलीत.

हे सगळं लिहायचं कारण, चरखा सुधारायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा वेगावर जातात, मोटर लावा, सोलर लावा. हे खूळ जुनं आहे आणि मोठ्या माणसांनीही त्यात हात घातलाय. १९२९ ला गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, त्या काळचे एक लाख! अटी वाचा, आजही घाम फुटेल. बारा ते वीस नंबरचं सूत, आठ तासांत १६,००० वार, साध्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालला पाहिजे, बाईमाणसाला आठ तास बसून फार दमायला होता कामा नये, किंमत १५० रुपयांच्या वर नको, वीस वर्षं टिकला पाहिजे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांत. आठ तासांत १६,००० म्हणजे तासाला २,०००. मी तासाला सव्वादोनशे वार काढतो, बायको तीनशेच्या पुढं. आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीतूनही त्या बक्षिसासाठी यंत्र गेलं होतं, पण सगळ्या अटी काही कुणाला पुऱ्या करता आल्या नाहीत आणि बक्षीस तसंच राहिलं. गांधीजी स्वतः येरवड्याच्या तुरुंगात बसून पेटी चरख्यावर डोकं चालवत होते, म्हणून तर त्याला येरवडा चक्र म्हणतात, मोठ्या चाकावरून छोट्या चाकावर आणि तिथून चातीवर असा दोन टप्प्यांत वेग वाढवायचा आणि सगळं बंद करून हातात घेऊन जायचं. ज्यानं हे एवढ्याशा पेटीत बसवलं त्याला टर्नर म्हणून माझा सलाम. पुढं तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी अंबर चरखा काढला, त्यात रोलर रोव्हिंग, म्हणजे कापसाची सैल वात, ओढतात आणि रिंगवर पीळ बसतो, थोडक्यात वडिलांच्या मिलमधल्या रिंग फ्रेमचं, म्हणजे कताईच्या मशीनचं, धाकटं भावंड. सूत भरपूर निघतं पण हाताची चिमूट गेली, चार-सहा-आठ चात्यांचं धूड घरात मावत नाही आणि त्याला लागणारं रोव्हिंग बाहेरून आणावं लागतं. कताई केंद्रासाठी ते ठीक आहे. घरी संध्याकाळी मालिका बघता बघता अर्धा तास कातणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

घरच्या चरख्याला वेग नकोच आहे हो. त्याला सरळ चाती पाहिजे, न घसरणारी माळ पाहिजे आणि बिघडलं तर सुटा भाग मिळायला पाहिजे. माझ्याकडं आता तीन पेट्या आहेत, एक जुन्या बाजारातून ३५० ला घेतली, तिन्हींच्या चात्यांची जाडी वेगळी, लांबी वेगळी, एकीची दुसरीला बसत नाही. सायकलच्या नळीचा व्हॉल्व्ह गडहिंग्लजला घेतला तरी कागलच्या सायकलीला बसतो, मग एवढ्याशा चातीला एक माप ठरवायला काय अडचण आहे मला कळत नाही.

आणि हे काम कोल्हापूरनं नाही करायचं तर कुणी? इथल्या यंत्रकामाचा पाया घालणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं गाव हे, आपण ऑइल इंजिनं केली, मोठमोठ्या कंपन्यांना कास्टिंग पुरवतो, इचलकरंजीत तर १९०४ पासून यंत्रमाग खडखडतायत, आणि तीन मिलिमीटरची चाती आपल्याला जड? दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं फायनल इयरचा प्रोजेक्ट घेऊन आमच्या कारखान्यात यायची, तोच तो रोबोटचा हात, तेच गवत कापायचं मशीन, मे महिन्यात मार्क मिळाले की जूनमध्ये भंगारात. त्यातल्या एका बॅचनं जरी चाती, चकती आणि ताणाची स्प्रिंग एवढंच घेतलं, मापं पक्की केली आणि ड्रॉइंग सगळ्यांना फुकट दिलं तरी पुष्कळ. आयटीआयच्या पोरांना तर शंभर चात्या म्हणजे हात साफ करायला उत्तम काम, टर्निंग आलं, ग्राइंडिंग आलं, डायल लावणं आलं. प्रोजेक्ट करायच्या आधी त्यांनी महिनाभर स्वतः कातावं मात्र, नाहीतर माझ्यासारखी पितळेची पट्टी लावून मोकळे होतील. आणि एक दिवस पट्टणकोडोलीला जाऊन यावं. लोकरीच्या चरख्याकडं तर कुणी बघतच नाही, त्या मावशींचे गुडघे गेलेत पण चरखा जमिनीलगतच आहे, पाटावर किंवा खुर्चीत बसून चालवायची सोय करणं हे काही चंद्रावर जाण्याएवढं अवघड काम नव्हे. मीच ते हातात घेतलंय, दिवाळीनंतर नेऊन दाखवतो, त्या काय बोलतात याची धास्ती आहेच.

चांगले पेळू, म्हणजे कातायला घेतात त्या कापसाच्या वळ्या, कोल्हापुरात मिळत नाहीत, बाहेरून मागवतो, त्यातही अर्ध्यात कचरा, पेळू खराब असेल तर चरखा सोन्याचा केला तरी सूत तुटणारच. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

तर त्या फोटोतल्या शाळेला निरोप द्या. माळेचा सांधा मी माझ्या घरी घालून देतो, चातीही बघतो, पैसे नकोत, चहा चालेल. नाव-पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय, पेपरात छापू नका कारण बायको म्हणते मग अख्ख्या जिल्ह्यातले मोडके चरखे आपल्या जिन्यात येतील. शाळेनं येताना पेटी सरळ धरून आणावी, आडवी केली की चाती परत वाकते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर