खानापूरच्या बाईंना, बाबांच्या डहाळीबद्दल

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. बाबांच्या डायरीत सापडलेल्या वाळक्या डहाळीची ओळख तुम्ही पटवून दिलीत, त्याच दिवशी तुमचे आभार मानायचे होते. पण गळा दाटून आला आणि शब्द फुटले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, नॉर्वेतल्या ट्रोम्सोला ताईकडे गेले असताना बाबांनी ती खुडून आणली असावी. जाड, चिवट पाने आणि सुकून काळपट पडलेले एकच लाल फळ. बाबांच्या माघारी आईला त्या डहाळीचा ध्यासच लागला होता. बेळगावात एका जाणकारांनी "परदेशातलं करवंद असेल" म्हणून आमची बोळवण केली, तर दुसऱ्या नावाजलेल्या गृहस्थांनी बोलता बोलता दोन पाने मोडली आणि वर "बेअरबेरी" असे ठोकून दिले. आईचा चेहरा तेव्हा पाहवत नव्हता.

फळ कापले असते तर तुमचे काम क्षणात झाले असते, कारण बेअरबेरी आणि तिच्यासारखीच दिसणारी लिंगनबेरी ही दोन्ही थंड प्रदेशातली लाल फळांची झुडपे असली, तरी बेअरबेरीच्या पिठूळ गरात मोजक्या टणक बिया असतात आणि लिंगनबेरीच्या रसाळ गरात बारीक बिया पुष्कळ. तुम्ही मात्र आईला म्हणालात, "त्यांच्या हातचं एवढं एकच फळ उरलंय, ते नको कापायला." बाई, त्यानंतर नाव कळले नसते तरी आम्ही समाधानाने घरी परतलो असतो. ज्ञान पुष्कळांजवळ असते. समोरच्या माणसाला त्या वस्तूचे काय मोल आहे हे ओळखून हात आवरणारी माणसे फार थोडी भेटतात.

मग तुम्ही पान उलटे धरून भिंग आधी आईच्या हाती दिलेत. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते आणि कडा किंचित खाली मुडपलेल्या होत्या. बेअरबेरीच्या पानावर असे ठिपके नसतात, शिरांचे जाळे तेवढे दिसते. फळाच्या टोकाला पेरूला असते तशी निदलांची सुकलेली किनार होती, जी बेअरबेरीत देठाकडे राहते. म्हणजे ही लिंगनबेरीच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने १७५३ साली व्हॅक्सिनियम व्हिटिस-आयडिया या नावाने नोंदवलेले, जेमतेम वीतभर वाढणारे सदाहरित झुडूप. तिकडे याच फळांचा जॅम करतात, हे तुम्ही सांगताच बाबा फोनवर ज्या आंबट लाल जॅमचे कौतुक करीत असत तो कशाचा, हेही आम्हाला उमगले.

नाव कळल्यावर ताईने जूनमध्ये तिथल्या डोंगरउतारावर ते झुडूप शोधून त्याच्या पांढरट गुलाबी, घंटेसारख्या फुलांचे फोटो पाठवले. बाबा गेल्यापासून त्यांच्या त्या प्रवासाचा विषयही टाळणाऱ्या आईने त्या संध्याकाळी स्वतःहून ताईला फोन लावला आणि दोघी कितीतरी वेळ बाबांविषयी बोलत राहिल्या. हे तुमच्यामुळे घडले, बाई. आईने तुम्हाला मनःपूर्वक नमस्कार सांगितला आहे.

आपला ऋणी,
एक बेळगावकर