मुशी, पण कोणत्या किनाऱ्याची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणीला समुद्र नसला, तरी आमच्या पिढीतील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मुशी, म्हणजे किनाऱ्याजवळचा लहान शार्क मासा, अनोळखी नव्हती. ‘स्कॉलिओडॉन’ या नावाने ती फॉर्मलीनमध्ये बुडून येई आणि तिच्या मेंदूच्या नसा उलगडता उलगडता आमचे वर्ष संपे. पुढे शिक्षक म्हणून मीही तेच शिकवले. निवृत्तीच्या सुमारास प्रयोगशाळेतील बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सहज वाचल्या, तेव्हा लक्षात आले की प्रत्येकीवर जातीचे नाव आहे, मात्र मासा कोणत्या बंदरावर उतरला हे एकीवरही नाही.

जात एक म्हणजे कळप एक, असे आपण गृहीत धरतो. देवणी आणि लाल कंधारी या दोन्ही गायीच. पण दोहोंची बेरीज करून गोधन स्थिर आहे असे सांगितले, तर देवणी घटल्याचे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही. किनारी शार्कबाबत हीच चूक होते. बहामातील बिमिनी बेटांवर सुमारे वीस वर्षे लेमन शार्कचे जनुकीय नमुने तपासल्यावर दिसले, की तेथे जन्मलेल्या काही माद्या मोठेपणी बाळंतपणाला त्याच माहेरी परततात. मायटोकाँड्रियातील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील, डीएनए केवळ आईकडून मिळतो. तो किनाऱ्यागणिक वेगळा निघाला आणि आईवडील दोघांकडून येणारा पेशीकेंद्रातील डीएनए मात्र सारखाच राहिला, तर नर भटके आणि माद्या ठिकाण धरून राहणाऱ्या आहेत असे अनुमान निघते. अशा जातीत एका खाडीतील माद्या संपल्या, तर शेजारच्या खाडीतून ती जागा लवकर भरून निघेल याचा भरवसा नाही. खुद्द स्कॉलिओडॉनमध्येही पश्चिम पॅसिफिकमधील मुशी वेगळ्या जातीची असल्याचे २०१० मध्ये मांडले गेले; तोवर आम्ही दोघींना एकाच नावाने ओळखत होतो.

मुशी ज्या कुळातली आहे, ते सारे कुळ नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत ‘साइटिस’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आले. त्यामुळे निर्यातीच्या परवान्यापूर्वी त्या व्यापाराने जातीला धोका नाही असा निर्वाळा द्यावा लागतो. (स्थानिक मासळी बाजाराला हा नियम लागू नाही.) कोणता गट कुठे राहतो हेच माहीत नसेल, तर हा निर्वाळा कशाच्या आधारे द्यायचा?

म्हणून विनंती अशी, की मत्स्यव्यवसाय विभागाने प्रमुख बंदरांवर मुशीच्या पराचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये, बंदराचे नाव आणि तारीख लिहून, नियमितपणे जपावा. आमच्या बरण्या या कामी फारशा उपयोगी नाहीत. फॉर्मलीनने डीएनएचे तुकडे होतात, आणि चिठ्ठीवर गाव तर नाहीच.

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, परभणी